घर घेण्याआधी गल्ली बघा



सांगली, मिरज आणि कुपवाड या भागात आम्ही बचत गटांचं काम करतो. दर महिन्याच्या बैठकीत कर्जाचे अर्ज येतात. शिलाई मशीन, म्हैस, मुलांची फी, दवाखाना ही नेहमीची कारणं. अलीकडे त्यात आणखी एक कारण वरचेवर ऐकायला मिळतं, "इसार द्यायचाय." म्हणजे घर घ्यायचं ठरलंय आणि मालकाच्या हातावर पहिले पैसे ठेवायचेत. आम्ही विचारतो, "ताई, घर बघून आलात का?" पुष्कळदा उत्तर येतं, "ह्यांनी बघितलंय."

आजचं आमचं बोलणं या एका वाक्याबद्दल आहे. जिला त्या घरात पाणी भरायचंय, स्वयंपाक करायचाय, रात्री पोरं झोपवायचीत, तिनं इसार देण्याआधी ते घर स्वतः बघितलं पाहिजे. आणि घराच्याही आधी गल्ली बघितली पाहिजे. फरशी बदलता येते, ओटा पाडून नवा घालता येतो, वर एक खोली चढवता येते. गल्ली मात्र आहे तशीच घ्यावी लागते.

आमचं शहर तसं लहान. सांगली, मिरज, कुपवाड मिळून १९९८ मध्ये महापालिका झाली. पण रिक्षानं अर्धा तास फिरलात तर चार वेगवेगळी गावं बघितल्यासारखं वाटतं. सांगलीचा गावभाग म्हणजे जुनी वस्ती. गणपती मंदिर, मारुती चौक, हरभट रोडची बाजारपेठ, सगळं पायी अंतरावर. तिथली घरं जुनी, भिंतीला भिंत लागून. विश्रामबागकडे आलं की रस्ते रुंद, शाळा-कॉलेजं जवळ, आणि भावही त्या मानानं चढे. मिरजेत रेल्वे जंक्शन आणि दवाखाने, त्यामुळे नर्सबाई, वॉर्डबॉय, रेल्वेत काम करणारे तिकडे घर शोधतात. कुपवाडला एमआयडीसी. कारखान्यात दोन पाळ्यांत जाणाऱ्यांना ते सोयीचं. माधवनगर, बुधगाव शहराला चिकटून असले तरी तिथं ग्रामपंचायत. घरपट्टी कुठं भरायची, पाणी कोण देणार, कचऱ्याची गाडी कुणाची, हे हद्दीवर ठरतं. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा, "ही जागा कुणाच्या हद्दीत येते?"

दुसरा प्रश्न पाण्याचा. आमच्याकडे तो नळाच्याही आधी नदीचा असतो. कृष्णेची पातळी आयर्विन पुलावर मोजतात. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. २००५ च्या पुरात पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ मध्ये पुन्हा ५५ फुटांच्या आसपास आलं. सोळा वर्षांत तीन मोठे पूर. घराचा हप्ता वीस वर्षांचा असतो, हे लक्षात ठेवून हा हिशेब करा.

दलाल सांगेल, "इथं पाणी येत नाही." त्याचं ऐका, पण शेजारच्या आजींना विचारा, "२०१९ ला पाणी कुठवर होतं?" त्या हात लावून दाखवतात, इथवर. भिंतीवर रंगाखाली ओलीची रेघ दिसते का बघा. मग महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन जागेचा झोन दाखला मागा आणि पूररेषा विचारा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची. निळ्या रेषेच्या आत घर स्वस्त मिळतं ते उगाच नाही. नदीपासून लांब असलेल्या सखल भागातही पावसाचं पाणी दिवस-दिवस साचून राहतं, काळ्या मातीत पाय रुततो. तिथं जुलैत जाऊन बघा, एप्रिलमध्ये काही कळत नाही.

आमच्या गटांत आता एक पद्धत पडलीय. घर तीन वेळा बघायचं. एकदा पहाटे, नळाला पाणी येतं त्या वेळी. किती वेळ येतं, मोटार लावल्याशिवाय चढतं का, ते कळतं. एकदा रात्री नऊच्या पुढे. गल्लीत दिवे आहेत का, कोपऱ्यावर कोण उभं असतं, कामावरून उशिरा येणारी मुलगी एकटी चालत येऊ शकेल का, ते कळतं. आणि एकदा पावसात. सांडपाणी ड्रेनेजला जातं की शोषखड्ड्यात, गटार उघडं आहे की झाकलेलं, हे पावसात लपत नाही.

आणखी एक गोष्ट, जी उघड कुणी बोलत नाही. काही ठिकाणी आधी आडनाव विचारतात. मग "आमच्यात ठरलंय, दुसऱ्याला द्यायचं" असं उत्तर येतं. कुठं जातीवरून, कुठं धर्मावरून, कुठं मांस-मच्छी शिजते म्हणून. आमच्या गटांत सगळ्या वस्त्यांतल्या बाया एका सतरंजीवर बसून पैसे मोजतात, त्यामुळे या गोष्टी आमच्या कानावर येतात. ज्यांना असा नकार येतो, त्यांना नाइलाजानं पुराच्या बाजूला किंवा बिनकागदाच्या जागेकडे वळावं लागतं. म्हणजे आडनावाची किंमत शेवटी पाण्यात मोजावी लागते. आपल्या गल्लीत घर विकायला निघालं आणि कुणी असं बोलू लागलं, तर आपण गप्प बसायचं नाही, एवढं तर आपल्या हातात आहे.

आता कागदांकडे येऊ. आमच्या एका सदस्येच्या घरच्यांनी शहराच्या कडेला एक गुंठा घेतला. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं, नोटरीचा शिक्का मारला, पैसे मोजून दिले. दोन खोल्या बांधल्या. घरपट्टी नावावर लागली, लाइटबिल नावावर आलं. सगळ्यांना वाटलं, झालं घर. पुढं वरती स्लॅब घालायला बँकेकडे कर्ज मागितलं, तर बँकेनं सात-बारा मागितला. सात-बारावर नाव अजून मूळ शेतकऱ्याचंच होतं. त्यातच त्याच्या बहिणींनी जमिनीत आपला वाटा मागितला. बहिणींचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही, त्यांचा हक्क होता आणि विकताना त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पण आमची ही ताई आज स्वतःच्या घरात राहते आणि ते घर तिचं आहे असं सांगणारा एकही कागद तिच्याकडे नाही.

यातून चार गोष्टी पाठ करून ठेवा. घरपट्टीची पावती आणि लाइटबिल म्हणजे मालकी नव्हे. नोटरीच्या कागदानं जागा नावावर होत नाही, त्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेलं खरेदीखतच लागतं. सात-बारावर किंवा मालमत्ता पत्रकावर जेवढी नावं आहेत, तेवढ्या सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि नावं न लागलेले वारस आहेत का तेही विचारायचं असतं. जुन्या वाड्यातला भाग घेताना तर हे फारच महत्त्वाचं, कारण तिथं भाऊ-बहिणी, पुतणे, भाडेकरू सगळेच निघतात. आणि सात-बाऱ्याचा 'इतर हक्क' हा रकाना वाचल्याशिवाय पुढं जायचं नाही. कुणाचं कर्ज, कुणाचा बोजा, कूळ, सगळं तिथं लिहिलेलं असतं. डिजिटल सहीचा सात-बारा ऑनलाइन पंधरा रुपयांत निघतो. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढायला काही हजार जातात, पण लाखांचा व्यवहार आहे, तिथं काटकसर नको.

गुंठेवारीतली जागा असेल तर ती नियमित झाल्याचं प्रमाणपत्र बघायला मागा. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये बदल झाला आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात बसू लागली. मात्र "होऊन जाईल" या शब्दावर पैसे देऊ नका. झालंय का, एवढंच विचारा.

फ्लॅट घेत असाल तर बिल्डरला रेरा नोंदणी क्रमांक विचारा. नोंदलेला करार केल्याशिवाय त्याला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. पण आठ किंवा त्याहून कमी फ्लॅटच्या इमारतीला रेराची सक्ती नाही, आणि आपल्यासारख्या शहरात अशा लहान इमारती पुष्कळ असतात. तिथं मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र आपणच बघायचं. क्षेत्रफळ विचारताना "कार्पेट किती?" असं विचारा. जिना आणि लॉबी धरून सांगितलेल्या आकड्यात आपली खाट मावत नसते.

आता पैशाचा हिशेब. वीस लाखांचं घर आहे असं धरू. मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत साधारण सहा टक्के, म्हणजे एक लाख वीस हजार. नोंदणी फी एक टक्का, वीस हजार. वकील, बँकेची फी, दलालाची दलाली वेगळी. पंधरा लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साडेतेरा हजारांच्या आसपास पडतो. आज भाडं किती देता, त्यावर दर महिन्याला किती शिल्लक पडते, ते वहीत लिहून बघा. इसारासाठी गटाचं कर्ज, वर बँकेचा हप्ता, वर एखाद्या फायनान्स कंपनीचा आठवड्याचा हप्ता, अशी तीन ओझी एकदम घेऊ नका. गटाचा हप्ता चुकला तर तो बाकीच्या बायांच्या माथ्यावर येतो.

आणि शेवटचा मुद्दा, नावाचा. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या नावानं घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. वीस लाखांवर वीस हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडीला लावलं की ही सवलत मिळत नाही, आणि मोकळ्या प्लॉटलाही ती नाही. घरात विषय काढायला हे वीस हजार चांगले उपयोगी पडतात, असा आमचा अनुभव आहे. "माझं नाव लावा" म्हटलं की भांडण होतं, "वीस हजार वाचतात" म्हटलं की सासरेसुद्धा मान डोलावतात. एकटीचं नाव शक्य नसेल तर दोघांचं तरी लावा. सवलत गेली तरी चालेल, पण नाव राहू दे. मंगळसूत्र मोडून, भिशी उचलून, गटाचं कर्ज काढून जी बाई इसाराचे पैसे उभे करते, तिचं नाव कागदावर कुठंच नसावं, हे आम्हाला पटत नाही. सही करण्याआधी खरेदीखत वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचायला लावा. आपली सही खरेदीदार म्हणून आहे की साक्षीदार म्हणून, ते विचारा. कर्जाच्या कागदावर सही असेल तर घराच्या कागदावरही नाव हवं, नाहीतर हप्ता आपला आणि घर दुसऱ्याचं.

मैत्रिणींनो, एक काम तुमच्याही गटात सुरू करा. ठरावाच्या वहीत लिहून ठेवा की इसारासाठी कर्ज मागणाऱ्या ताईबरोबर गटातल्या दोघी घर बघायला जातील आणि सात-बारा किंवा मालमत्ता पत्रकाची प्रत अर्जाला जोडली जाईल. दोन जणींच्या चार डोळ्यांना ओलीची रेघ लवकर दिसते. खर्च रिक्षाच्या भाड्याचा, आणि परत येताना चहाचा.