गटात बोलायला धाक नको

(सामुदायिक रेडिओवरून मस्तगड, जालना आणि परिसरातल्या बचत गटांच्या भगिनींसाठी दिलेलं भाषण)



हातातलं काम चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या. आज आपण बोलणार आहोत आपल्या कामाच्या जागेबद्दल. कामाची जागा म्हटलं की डोळ्यांसमोर ऑफिस येतं, खुर्ची, टेबल, पंखा. पण आपली कामाची जागा कोणती? कापसाचं वावर, बियाणं निवडायचं गोदाम, गटाची मसाल्याची शेड, पापड लाटायची ओसरी, शाळेतल्या पोषण आहाराची चूल. जिथं चार बाया मिळून राबतात, ती कामाची जागा. तिथं बाईला सुखानं काम करता यावं, तिचं म्हणणं ऐकलं जावं, कुणाला वेगळं काढलं जाऊ नये, हे कसं साधायचं?

आपल्या शहराला जुनी माणसं म्हणायची, ‘जालना सोने का पालना’. व्यापाराचं गाव होतंच, पुढं बियाण्यांचं गाव झालं. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको ही बियाणं कंपनी सुरू केली आणि जालन्याचं नाव देशभर गेलं. पण संकरित कपाशीचं बियाणं हातानं तयार होतं, आणि ते हात बहुतेक बायांचे असतात. संध्याकाळी कळी उघडून तिच्यातले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नरझाडाच्या फुलातले पराग त्या फुलाला लावायचे. ज्यांनी क्रॉसिंगचं काम केलंय त्यांना मी हे सांगायला नको.

आता बघा. दिवसभर वाकून काम करताना एखादीच्या हातून दोन कळ्या सुटल्या. ती म्हणाली, “ताई, या ओळीत दोन राहिल्या वाटतं,” तर ती फुलं वेळेत खुडून टाकता येतात आणि बियाणं शुद्ध राहतं. पण मागच्या वेळी असं सांगितल्यावर तिला सगळ्यांसमोर बोलणी बसली असतील, रोजातून पैसे कापले असतील, तर ती आज सांगेल का? ती मान खाली घालून पुढं सरकेल. चूक तिथंच राहील आणि बियाण्याच्या तपासणीत बाहेर येईल. तोवर तो प्लॉट हातचा गेलेला असेल.

हीच गोष्ट आपल्या गटाची. समजा, बारा जणींच्या गटाला दिवाळीला ६० किलो मसाल्याची ऑर्डर मिळाली, ४०० रुपये किलोनं. म्हणजे २४,००० रुपये. कांडपाच्या आदल्या दिवशी एकीच्या हाताला कळलं की मिरची अजून ओलसर आहे. पण ती नवी. अध्यक्षताईंनी ऊन बघून ‘वाळली’ म्हटलंय, मग आपण कशाला तोंड उघडा? ती गप्प बसली. पंधरा दिवसांत मसाल्याला बुरशी आली आणि सगळा माल परत आला. बारा जणींत वाटलं तर प्रत्येकीचं नुकसान २,००० रुपये. एक बाई बोलली नाही, किंवा तिला बोलता आलं नाही, त्याची ही किंमत. गटात बोलायला धाक नसणं ही घरखर्चाशी बांधलेली गोष्ट आहे, ती अशी.

मग चांगली पुढारीण कशी ओळखायची? जिच्यासमोर सगळ्या चिडीचूप बसतात ती का? मला वाटतं, जिच्याकडे वाईट बातमी सगळ्यात आधी पोचते ती. कारण बाया तिला घाबरत नाहीत.

आपल्या महाराष्ट्रातलंच एक उदाहरण घेऊ. लिज्जत पापड तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या सात बायांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर बसून पापड लाटायला सुरुवात केली. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्या एक. भांडवल होतं उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात आणि काम चार महिने बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह ठेवायचा. काम पावसातही चालू राहिलं. आज त्या संस्थेत ४५,००० हून जास्त बहिणी आहेत.

सात जणींच्या ४५,००० झाल्या तेव्हा कामाची शिस्त कशी टिकली? त्यांचे काही नियम आपण आपल्या गटात जसेच्या तसे घेऊ शकतो.

पहिला नियम, तिथं कामाला येणारी प्रत्येक बाई ‘बहीण’. जात कोणती, धर्म कोणता, विचारायचं नाही. ती नोकर नाही, मालकीण आहे. नफा झाला तरी वाटून आणि तोटा झाला तरी वाटून.

दुसरा, शाखा चालवणारी संचालिका बाहेरून आणत नाहीत. बहिणींमधूनच एक निवडतात. जिनं स्वतः पापड लाटलाय, तिला लाटणाऱ्या बाईचा खांदा कधी भरून येतो ते सांगावं लागत नाही.

तिसरा, निर्णय सर्वानुमते. एखादी बहीण ठामपणे नाही म्हणत असेल तर तो निर्णय पुढं रेटायचा नाही, आधी तिचं ऐकायचं. तुम्ही म्हणाल, अशानं उशीर होतो. होतो. पण सगळ्यांनी मिळून ठरवलेलं काम कुणी मागून मोडत नाही.

चौथा मला फार आवडतो. जिच्या घरी पापड लाटायला, वाळवायला जागा नाही, तिला परत पाठवत नाहीत. तिला पीठ मळायचं, पाकिटं भरायचं काम मिळतं. बाई कामात बसत नसेल तर तिच्याजोगं काम शोधायचं.

हा चौथा नियम आपण आपल्या गटाला लावून बघू. आपल्या गटात कोण बसत नाही? एखादीला कमी ऐकू येतं. तिच्यासमोर तोंड करून सावकाश बोललं आणि ठराव दोनदा वाचला तर तीही बैठकीत येते. एखादी बाळंतीण आहे. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात अशी तरतूद केली होती की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला त्याची मजुरी द्यायची. मूल सांभाळणं हे काम आहे, हे सरकारनं कागदावर मान्य केलं. मग आपल्या शेडमध्ये आठवड्याला एकीनं मुलं सांभाळली तर तिचा तो दिवस हजेरीत का धरू नये?

आणखी एक गोष्ट, थोडी अवघड. आपल्या शेडमधला पाण्याचा माठ बघा. त्यातून कोण पाणी घेतं आणि कोण घरून बाटली आणतं? विधवा बहिणीला उद्घाटनाच्या दिवशी नारळ फोडायला पुढं बोलावतो का? पाळी आलेल्या मुलीला ‘लोणच्याला हात लावू नको’ म्हणतो का? वहीत सगळ्यांचा हिस्सा सारखा आणि माठ मात्र वेगळा, असं असेल तर तो गट एक झालेला नाही. हे कुणाला दोष देऊन सुटत नाही. अध्यक्षताईंनी सगळ्यांसमोर त्या बहिणीच्या हातचं पाणी प्यायचं. त्या दिवशी जेवढा फरक पडेल तेवढा दहा भाषणांनी पडणार नाही.

पुण्यातल्या कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली. त्यातल्या बहुतेक दलित समाजातल्या. रस्त्यावर लोक त्यांना चोर समजायचे, हटकायचे. संघटनेनं त्यांना ओळखपत्र मिळवून दिलं आणि पुढं २००८ साली त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनं पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करायचं काम घेतलं. ज्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं, त्या महापालिकेसमोर बसून आपल्या कामाच्या अटी बोलू लागल्या. एकटीचं कुणी ऐकलं नसतं.

आता घरचं बोलू. बचत गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशोबाच्या नोंदी. यातली पहिली बैठकच का? कारण बाकीच्या चारही गोष्टी तिथं बोलण्यावर चालतात. पण आपल्या बैठकीत होतं काय? दोघी-तिघी बोलतात, बाकीच्या सही करतात. त्यासाठी चार सवयी सांगते. पैसा लागत नाही.

एक. गोल बसा आणि बोलायला सुरुवात सगळ्यात नव्या बहिणीपासून करा. अध्यक्षताईंनी शेवटी बोलायचं. त्या आधी बोलल्या की बाकीच्या माना डोलावतात.

दोन. हिशोब मोठ्यानं वाचा. बँकेत किती, हातात किती, कुणाकडे कर्ज किती. जिला वाचता येत नाही तिलाही गटाचा आकडा तोंडपाठ पाहिजे. निम्मी भांडणं पैशावरून नसतात, पैशाच्या न सांगितलेल्या हिशोबावरून असतात.

तीन. कुणी चूक सांगितली तर तोंडातून पहिला शब्द ‘बरं झालं सांगितलंस’ हाच आला पाहिजे. राग आला असेल तरी. काय करायचं ते नंतर ठरवू. आणि एकीला समजावायचं असेल तर बाजूला घेऊन समजवा, कौतुक मात्र चारचौघींत करा.

चार. दोन बैठकांना न आलेल्या बहिणीच्या घरी जा. दंडाची पावती घेऊन जाऊ नका, नुसत्या जा. चहा प्या. बाई गट सोडते तेव्हा बहुतेकदा भांडून सोडत नाही, हळूच यायची बंद होते. कारण कळलं तर ती परत येऊ शकते.

भगिनींनो, सगळंच बोलून मिटत नाही, हेही मला सांगितलंच पाहिजे. कामाच्या ठिकाणी कुणी अंगाला हात लावतो, घाण बोलतो, ‘माझं ऐकलंस तरच काम’ म्हणतो. हे गटातलं भांडण नाही. हा गुन्हा आहे.

यामागची कहाणी आपल्यासारख्याच एका बाईची आहे. राजस्थानातल्या भंवरीदेवी सरकारच्या कार्यक्रमात गावपातळीवर ‘साथिन’ म्हणून काम करत होत्या, आपल्याकडे सीआरपी ताई फिरतात तशा. बालविवाह थांबवायला त्या गेल्या, त्याचा सूड म्हणून १९९२ साली त्यांच्यावर बलात्कार झाला. त्या गप्प बसल्या नाहीत. त्यांच्या निमित्तानं महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी विशाखा निकाल आला. त्यातून पुढं २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा झाला.

या कायद्यातलं एवढं लक्षात ठेवा. रोजंदारीवरची, कंत्राटी, शिकाऊ, घरकाम करणारी, सगळ्या बायांना तो लागू आहे. जिथं दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथं मालकानं अंतर्गत समिती नेमली पाहिजे आणि तिची अध्यक्ष बाईच असली पाहिजे. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिची चौकशी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करा. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. खरंच अडचण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे. तक्रार करणारीचं नाव जाहीर करायचं नाही. चौकशी ९० दिवसांत संपवायची. आणि समझोता फक्त त्या बाईनं स्वतः मागितला तरच. पैसे देऊन मिटवायला कायद्यात परवानगी नाही. म्हणून गटात कुणी असं सांगायला आली तर ‘जाऊ दे, घरचं नाव जाईल’ म्हणू नका. तिच्याबरोबर जा. तातडीची मदत हवी असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आणि ११२ हा पोलिसांचा नंबर शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

पण नीट बघा, ही वेळ आली तर ती बाई पहिल्यांदा कुणाकडे येईल? जिनं ओल्या मिरचीबद्दल, सुटलेल्या कळीबद्दल तिचं ऐकून घेतलं होतं, तिच्याकडेच येईल. छोट्या गोष्टीला जिथं तोंड दाबलं, तिथं मोठी गोष्ट बाहेर येत नाही.

तर या आठवड्याच्या बैठकीत पहिली दहा मिनिटं बाजूला काढा आणि सगळ्यांना आळीपाळीनं तीन प्रश्न विचारा. आपल्या कामात कुठं त्रास होतो? कोणती गोष्ट सांगाविशी वाटली पण सांगितली नाही? आज इथं कोण आलेली नाही, आणि का? जे निघेल ते प्रोसिडिंगमध्ये लिहा. त्यातली एक गोष्ट पुढच्या बैठकीपर्यंत करून दाखवा, अगदी लहान असली तरी चालेल. बोलल्यावर काही होतं, हे बायांना दिसलं की पुढच्या वेळी त्या आपणहून बोलतील.