पान्याची किंमत कोणी ठरवली?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून भावाचं बोलणं झालं, विम्याचं झालं, कर्जाचं झालं. आता तुमची नजर जेवणाच्या मांडवाकडे लागली आहे, माझीही लागली आहे. म्हणून मी आकडेवारीचे कागद पिशवीतच ठेवतो आणि त्याच पिशवीतून ही दुसरी वस्तू काढतो. मागच्या लोकांना दिसत नसेल तर आवाज ऐका. कर्र... कर्र... कर्र. पोरं हसली, म्हणजे पोरांनी ओळखलं. हा रॅचेट. गोटी पान्याचा दांडा. याच्या टोकाला चौकोनी खुंटी आहे, तिच्यावर नटाच्या मापाची गोटी बसवायची आणि दांडा नुसता मागेपुढे हलवायचा. नट एकाच दिशेने फिरत राहतो.

यात जादू काही नाही. डोक्यात एक दातेरी चाक आहे आणि त्याच्यावर स्प्रिंगने दाबून धरलेली एक खिटी. एका दिशेने ओढलं की खिटी दात्यात अडकते आणि चाकाला बरोबर घेऊन जाते. उलटं नेलं की तीच खिटी दात्यांवरून घसरत येते, त्याचा हा आवाज. तुमच्या सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये हेच आहे. पायडल मारायचं थांबवलं तरी सायकल पुढे जाते ती त्यामुळेच. सायकलवाले त्या खिटीला कुत्रा म्हणतात, आणि नाव बरोबर आहे, कारण एकदा धरलं की सोडत नाही. विहिरीतून मोटार काढताना चेनकप्पी लावता, तिथेही वर आलेला बोजा खाली घसरू नये म्हणून असाच कुत्रा बसवलेला असतो.

आता याचा उपयोग कुठे? नटाला सहा बाजू. साधा सरळ पाना लावला तर निदान ६० अंश फिरवल्याशिवाय तो काढून दुसऱ्या बाजूवर लावता येत नाही. तोंड तिरपं असलेला पाना उलटापालटा करून लावला तर ३० अंशांत भागतं. पण विहिरीच्या कठड्याला चिकटून बसवलेल्या पंपाचा मागचा बोल्ट आठवा. तिथे हात जातो, पाना जातो, पण पाना फिरायला जागाच नसते. रॅचेटच्या चाकाला ७२ दाते असतील तर दर ५ अंशांना एक दाता. दांडा चार बोटं हलायला जागा असली की काम झालं. ३६ दात्यांचा असेल तर १० अंश लागतील, पण त्याचा प्रत्येक दाता जाड असतो.

हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही. मी कृषीचा पदवीधर आहे, चार वर्षं शिकलो. अवजारांच्या आकृत्या काढल्या, त्यांना नावं दिली, मार्क मिळवले. वर्कशॉपमधलं पान्यांचं कपाट मात्र कुलपात असायचं, सामान हरवलं तर भरून कोण देणार म्हणून. पदवी घेऊन गावी आलो आणि ऐन हंगामात आमचं इंजिन बंद पडलं. सातवी शिकलेला लोहाराचा पोरगा आला. त्याने मला बॅटरी धरायला बसवलं. म्हणाला, ‘भाऊ, तुम्ही फक्त उजेड दाखवा.’ शिकलेल्या माणसाचं काम यापेक्षा नेमक्या शब्दांत मला पुढे कोणीच सांगितलं नाही.

असो. या वस्तूची गोष्ट मला सांगायची आहे, ती अमेरिकेतली आहे. १८६३ साली व्हर्मोंट राज्यातल्या रिचर्डसन नावाच्या माणसाने गोटी बसवायच्या रॅचेट पान्याचं पेटंट घेतलं. त्यानंतर शंभर वर्षं पाना सुधारत गेला, पण एक अडचण राहिली. खुंटीवर गोटी टिकून राहावी म्हणून खुंटीच्या अंगात एक बारीक गोळी स्प्रिंगवर बसवलेली असते. गोळी घट्ट असली तर ऑइलने बरबटलेल्या हाताने गोटी निघता निघत नाही, दोन्ही हात लावून झटापट करावी लागते. ढिली ठेवली तर गोटी इंजिनाच्या खाली, नाही तर विहिरीत.

१९६३ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या गार्डनर गावात पीटर रॉबर्ट्स नावाचा १८ वर्षांचा पोरगा सीअर्स कंपनीच्या दुकानात विक्रीच्या कामावर होता. सीअर्स म्हणजे त्या काळातलं अमेरिकेतलं सर्वांत मोठं दुकानदारीचं घराणं. या पोराने आपल्या फावल्या वेळात असा पाना केला, की डोक्यावरचं बटण अंगठ्याने दाबलं की आतली गोळी मागे सरते आणि गोटी आपोआप गळून पडते. बटण सोडलं की गोटी पक्की. एका हाताचं काम. त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६४ साली वस्तू आपल्या मॅनेजरला दाखवली. मॅनेजर म्हणाला, कंपनीकडे पाठव.

आता नीट ऐका, कारण पुढचा सौदा तुम्ही रोज करता.

कंपनीने पाना तपासून घेतला. कारागिरांना तो उपयोगाचा आहे हे तिला कळलं. वकिलांकडून पेटंटची बाजू तपासून घेतली. एका पान्यावर नव्या सोयीसाठी जास्तीचा खर्च किती येईल तेही काढलं, सुमारे २० सेंट. आणि पोराला काय सांगितलं? तुझी कल्पना काही नवी नाही. पेटंट मिळालं तरी अगदी मर्यादित मिळेल. खर्च ४० ते ५० सेंट येईल. आम्ही जाहिरात करून खपवला तरच खपेल. तेव्हा याची किंमत १० हजार डॉलर, त्याहून जास्त नाही. एका पान्यामागे २ सेंट, आणि १० हजार भरले की देणं बंद.

१९६५ साली त्याने सही केली. तेव्हाच्या दराने डॉलरला पावणेपाच रुपये, म्हणजे साधारण साडेसत्तेचाळीस हजार रुपये. वीस वर्षांच्या पोराला रक्कम लहान वाटली नसणार. पण २ सेंटने १० हजार डॉलर भरायला पाच लाख पाने विकावे लागतात. कंपनीने ते नऊ महिन्यांत विकले. सही झाली त्या सुमारास आठवड्याला ४४ हजार पाने तयार होत होते. १९७५ पर्यंत एक कोटी नव्वद लाखांहून जास्त पाने खपले, आणि इतरांकडे तसा पाना नव्हता म्हणून ते चढ्या भावाने खपले.

तुमच्या गाडीतला कापूस मुठीत धरून व्यापारी म्हणतो, ‘ओल आहे, धागा आखूड आहे, यंदा उठाव नाही.’ एका क्विंटल कापसातून ३३-३४ किलो रुई निघते हे त्याला ठाऊक असतं. आजचा रुईचा भाव त्याला ठाऊक असतो, सरकीचा ठाऊक असतो. तुम्हाला फक्त घरी किती उधारी आहे ते ठाऊक असतं. आणि गंमत अशी, की तेही त्याला ठाऊक असतं.

रॉबर्ट्सने १९६९ साली कोर्टात दावा लावला. त्याने असं म्हटलं नाही की मला भाव कमी दिला. नुसता भाव कमी मिळाला एवढ्यावर कोर्ट सहसा सौदा मोडत नाही. त्याने म्हटलं, कंपनीला खरं माहीत होतं आणि तिने मला खोटं सांगितलं. १९७७ साली ज्यूरीने दहा लाख डॉलर द्यायला लावले, १९७८ साली वरच्या कोर्टाने ते कायम केले. कोर्टाने बघितलं ते हे: एका बाजूला जेमतेम वयात आलेला दुकानातला पोरगा, दुसऱ्या बाजूला धंद्यात मुरलेली कंपनी, आणि पोराने विश्वासाने आपली वस्तू तिच्या हातात दिलेली. मग त्याने पेटंटही परत मागितलं. तिथे मोठा निकाल त्याच्या बाजूने लागला, पण १९८३ साली वरच्या कोर्टाने तो फिरवला. ही युक्ती त्या धंद्यातल्या कोणालाही सहज सुचण्यासारखी होती का, याचा विचार पुन्हा करा म्हणाले. झालेली वस्तू समोर ठेवली की ती सोपीच दिसते! शेवटी १९८९ साली ८२ लाख डॉलरवर तडजोड झाली. पोरगा ४४ वर्षांचा झाला होता. वीस वर्षं कोर्टात गेली. जिंकला म्हणून टाळ्या वाजवू नका. आपल्यातल्या कोणाला वीस वर्षं वकील पोसता येईल ते सांगा.

आपल्याकडेही असं माणूस होऊन गेलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शिक्षण जेमतेम, जमीन जेमतेम. धानाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या त्यांनी निवडून ठेवल्या, वर्षानुवर्षं वेगळ्या पेरल्या, आणि एचएमटी हा तांदूळ उभा केला. नाव त्या वेळच्या घड्याळावरून पडलं. तो तांदूळ किती घरांत शिजला याला गणती नाही. पुरस्कार मिळाले, फोटो निघाले. २०१८ साली ते वारले तेव्हा हातात काय होतं ते विदर्भाने वर्तमानपत्रांत वाचलं आहे. मी ज्या पदवीच्या जोरावर इथे माइक धरून उभा आहे, ती पदवी असलेले लोक त्या सगळ्या काळात आजूबाजूला होते, एवढंच बोलतो.

म्हणून कामाच्या तीन-चार गोष्टी. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपण निवडलेलं वाण स्वतःच्या नावाने नोंदवता येतं. अवजाराचं वेगळं आहे. शेती करण्याच्या पद्धतीला आपल्या देशात पेटंट मिळत नाही, पण अवजाराला मिळू शकतं. पूर्ण कागद तयार नसतील तर आधी तात्पुरता अर्ज करता येतो, मग पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात. मात्र अर्जाच्या आधी प्रदर्शनात मांडलं किंवा वर्तमानपत्रात फोटो दिला, तर नवेपण गेलं म्हणून अर्ज अडतो. आपला माणूस नेमकं उलटं करतो. आधी फोटो, मग सत्कार, मग शाल-श्रीफळ, आणि मग कोणीतरी त्याची वस्तू कारखान्यात घालतो. तिफणीत, डवऱ्यात, सरकी टोबायच्या यंत्रात गावोगाव कोणी ना कोणी सुधारणा केलेली आहे. पुढच्या बैठकीला अशा लोकांना घेऊन या. अवजार झाकून आणलं तरी चालेल. वकील बोलावण्याची जबाबदारी माझी.

चिठ्ठी आली आहे, ‘रॅचेट घ्यायचा तर कोणता घ्यावा?’ चांगला प्रश्न. पंप, मोटार, पेरणी यंत्र एवढ्यासाठी अर्ध्या इंची खुंटीचा घ्या. गोट्यांमध्ये १७ आणि १९ च्या हव्याच, कारण १० आणि १२ मिलिमीटरच्या बोल्टांना बहुधा त्याच लागतात. गोट्या सहा पैलूंच्या घ्या. झिजलेल्या नटावर बारा पैलूंची गोटी घसरते. आणि एक कृपा करा. गंजून जाम झालेला नट रॅचेटने तोडू नका. दांड्यावर पाइप चढवून लांबी पाव मीटरची एक मीटर केली की पीळ चौपट होतो, आणि तो सगळा आतल्या दोन-चार दात्यांवर येतो. दाते उडाले की दांडा दोन्हीकडे मोकळा फिरतो आणि तोंडावर आपटतो तुम्ही. नटावर आदल्या रात्री डिझेल सोडा, सकाळी भरीव दांड्याने तो हलवा, हलला की मग रॅचेट लावा. काळ्या मातीची धूळ डोक्यात जाऊ देऊ नका, पातळ तेलाचा एक थेंब पुरे. ग्रीस ठासून भरलं तर खिटी चिकटते.

चला, जेवण वाढलं आहे म्हणतात.