बार्शी लाइट आणि आपले छोटे स्थानक
(शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रेल्वेचा इतिहास म्हटला की बोरीबंदर ते ठाणे ही १८५३ ची पहिली गाडी आपल्याला आठवते. परंतु खेड्याच्या दृष्टीने रेल्वेचा खरा इतिहास घडला तो लहान स्थानकांवर. आपल्या सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडीचेच उदाहरण घेऊ.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला. बार्शी ही कापूस व गळिताच्या धान्याची भरभराटीची पेठ मात्र या मार्गापासून सुमारे २१ मैल दूर राहिली. कुर्डुवाडीच्या स्थानकाला तेव्हा ‘बार्शी रोड’ असे नाव होते. बार्शीला जाणाऱ्याने येथे उतरावे, एवढाच त्या नावाचा अर्थ. पुढचा प्रवास बैलगाडीचा असे आणि मालाच्या किमतीवर गाडीभाड्याचा बोजा पडे.

ही अडचण एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने हेरली. त्याने १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन केली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा अडीच फूट रुंदीचा अरुंदमापी मार्ग सुरू झाला. कोणत्याही वाहनाच्या एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये, हे त्याचे मुख्य सूत्र होते. भार सारखा वाटला गेल्यामुळे हलके रूळ पुरले, खर्च आटोक्यात राहिला आणि तरीही वाघिणींतून भरपूर माल जाऊ लागला. ही गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. मिरज ते लातूर असा सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचा मार्ग सिद्ध झाला आणि कुर्डुवाडी हे त्याचे केंद्र बनले. १ जानेवारी १९५४ रोजी ही रेल्वे सरकारच्या मालकीची झाली.

या मार्गावरील लहान स्थानकांनी गावाला काय दिले? शेतकऱ्याला दूरची बाजारपेठ दिली. वारकऱ्याला आषाढी-कार्तिकीला पंढरीची वाट सोपी करून दिली. विद्यार्थ्याला तालुक्याच्या शाळेत आणि रुग्णाला मिरजेच्या रुग्णालयात जाण्याची सोय दिली. तिकीट खिडकी, मालधक्का, पार्सल आणि तारयंत्र ही साधने एका लहानशा इमारतीत असत. गावाचा बाहेरच्या जगाशी नित्याचा संबंध त्या इमारतीतून जुळत असे.

कालांतराने अरुंदमापी गाडीचा वेग अपुरा पडू लागला. मुख्य मार्गाचे रूळ रुंद आणि शाखेचे अरुंद असल्याने कुर्डुवाडीत माल एका वाघिणीतून दुसरीत चढवावा लागे. म्हणून टप्प्याटप्प्याने रुंदमापीकरण झाले. २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर आणि २०१० मध्ये पंढरपूर-मिरज हे काम पुरे झाले. याच वेळी मार्ग बदलून उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव शहर, रेल्वेच्या नकाशावर आले.

या कामाचे मोल २०१६ च्या दुष्काळात कळले. लातूर शहर पाण्यावाचून हवालदिल झाले असता मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. दहा टाकी-वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन ती १२ एप्रिल रोजी लातूरला पोहोचली. पंढरपूर आणि कुर्डुवाडीवरून, म्हणजे जुन्या बार्शी लाइटच्याच दिशेने, ती आली. मार्ग अरुंदमापी राहिला असता तर मुख्य मार्गावरील त्या मोठ्या वाघिणी लातूरपर्यंत जाऊच शकल्या नसत्या. २०२० च्या २८ डिसेंबरला याच मार्गावरील सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे देशातील शंभरावी किसान रेल्वे रवाना झाली. दुष्काळी तालुक्यातील डाळिंब थेट पूर्व भारताच्या बाजारात जाऊ शकते, हे त्यावरून दिसून आले.

मित्रहो, यातून आपण एक बोध घ्यावा. स्थानकाची उपयुक्तता केवळ रोजच्या तिकीट विक्रीवर मोजणे अपुरे आहे. तथापि, रेल्वे प्रशासनाला थांबा देताना प्रवासी व उत्पन्न पाहावेच लागते, हेही विसरून चालणार नाही. रूळ रुंद झाले, गाड्या वेगवान झाल्या, आणि वेगवान गाडी प्रत्येक गावी थांबू शकत नाही. म्हणून ‘आमच्या गावी गाडी थांबवा’ एवढे निवेदन पुरेसे नाही. किती विद्यार्थी रोज जातात, कोणता शेतमाल कोणत्या महिन्यात व किती निघतो, रुग्ण कोठे जातात, याची नोंद ग्रामपंचायतीने ठेवावी आणि ती आकडेवारी विभागीय रेल्वे व्यवस्थापकांपुढे मांडावी. स्थानकापर्यंतचा रस्ता पावसाळ्यात चालता राहील आणि त्यावर रात्री दिवा असेल, हे पाहणे तर आपल्याच हाती आहे. प्रवाशाने तिकीट काढूनच प्रवास करावा. विनातिकीट प्रवासी गावाच्या मागणीचे बळ कमी करतो.

शिक्षकांना एक विनंती. जुन्या गाडीवर काम केलेली, त्या गाडीने शाळेला गेलेली माणसे गावोगाव आहेत. त्यांच्या आठवणी विद्यार्थ्यांकडून लिहवून घ्याव्यात. आपल्या स्थानकाने काय केले हे ज्या गावाला ठाऊक आहे, तेच गाव त्याच्यासाठी नेटाने उभे राहते.