बॅग आपली, खांदाही आपलाच

(रौप्यमहोत्सवी वर्षातील उन्हाळी सहलीच्या आधीच्या रविवारी सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण. सहल : सांगली – वाई – पाचगणी – महाबळेश्वर, दोन मुक्काम.)



सेक्रेटरी मला म्हणाले, "मॅडम, सामान कमी आणा असं मी सांगितलं की भांडणं होतात. तुम्ही इतकी वर्षं भूगोल शिकवलात, तुम्हीच सांगा." म्हणून उभी आहे. दहा मिनिटांत संपवते, घड्याळ लावा.

आधी माझीच चूक सांगते, म्हणजे पुढचं बोलायचा मला हक्क राहील. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही घरचे सगळे भाड्याच्या गाडीने महाबळेश्वरला निघालो होतो. माणसं सहा, मोठ्या बॅगा सात! ऊन पडलं तर हे, थंडी वाजली तर ते, कुणी जेवायला बोलावलं तर ती साडी. सगळ्या बॅगा टपावर बांधल्या. वाई सोडून पसरणी घाटात शिरलो आणि आभाळ काळं झालं. आधी वारा, मग धूळ, मग टपटप गारा. थंड वारा लागला तसा सासूबाईंना दमा उसळला. पंप कुठाय? टपावर, तिसऱ्या बॅगेत, साड्यांच्या खाली. वीज कडाडतेय, ड्रायव्हरला वर चढ म्हणायचं तरी कसं? गारा थांबेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं मी त्यांची पाठ चोळत बसले. ती मिनिटं मी आजही विसरले नाही. पंप मिळाला, त्या सावरल्या. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "अगं, सगळं आणलंस, पण माझा पंप टपावर ठेवलास होय!" त्या सात बॅगांतलं एक लुगडं कोरडं राहिलं नव्हतं.

हवेचा भरवसा नाही म्हणून आपण सामान वाढवतो. पण अडचणीच्या वेळी ते जास्तीचं सामान उपयोगी पडत नाही. हाताशी असलेल्या चार वस्तू उपयोगी पडतात.

आता थोडा भूगोल. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे इथल्यापेक्षा तिथं पाच अंश कमी, बास. त्याला एक पातळ स्वेटर पुरतो, रजई नको. घोळ तापमानाचा नाही, वळवाचा आहे. दुपारपर्यंत जमीन तापते, समुद्राकडून आलेली दमट हवा वर चढते, तीन-चारच्या सुमारास ढग उभे राहतात आणि अर्ध्या तासात उकाड्याची हुडहुडी होते. त्यात मॉन्सूनही कॅलेंडर बघून येतोच असं नाही. २०२५ चा मे आठवा. एरवी ११ जूनच्या आसपास मुंबईत येणारा मॉन्सून २६ मेलाच तिथं पोहोचला. आपल्याकडेही मृगाच्या आधीच छत्र्या शोधायची वेळ आली होती.

मग करायचं काय? आपल्या तासगाव भागातल्या बेदाण्याच्या शेडकडे बघा. द्राक्षं वाळायला ऊन-वारा हवा आणि पावसाचा थेंब लागला तर माल काळा पडतो. म्हणून शेतकरी शेड कायम बंद ठेवतो का? नाही. बाजूचे कागद गुंडाळून वर बांधून ठेवतो, ढग दिसले की पाच मिनिटांत खाली सोडतो. आपली बॅगही तशीच भरायची. उघडझाप करता आली पाहिजे, आणि दोरी हातात पाहिजे.

दोन मुक्कामांसाठी माझी यादी लिहून घ्या. अंगावर एक जोड, बॅगेत दोन. कापड पातळ आणि लवकर वाळणारं. जीन्स भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि वजन दुप्पट होतं. बॅगेतल्या दोनपैकी एक जोड, आतल्या कपड्यांसकट, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गाठ मारून ठेवायचा. तो पावसात भिजल्याशिवाय उघडायचा नाही, फोटोसाठी तर नाहीच. एक पातळ स्वेटर. एक पंचा : उन्हात डोक्याला, पावसात पुसायला, रात्री कानाला. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण डोंगरावरच्या वाऱ्यात छत्री उलटी होते. पायात मागं पट्टा असलेली, न घसरणारी एकच चप्पल. दोन रिकाम्या पिशव्या ओल्या कपड्यांसाठी. झालं!

आता महत्त्वाचं. मोठी बॅग डिकीत जाईल आणि मुक्कामालाच निघेल. म्हणून प्रत्येकाच्या खांद्याला एक छोटी पिशवी हवी. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातून जाते, तेव्हा वारकऱ्यांकडे बघितलंय ना? सामान दिंडीच्या ट्रकमधून पुढं जातं. चालणाऱ्याच्या खांद्याला लागेल तेवढंच असतं. सकाळी ऊन, दुपारी सर, तरी त्यांचं अडत नाही. आपल्या पिशवीत पाण्याची बाटली, रेनकोट, पंचा, ओआरएसचं पाकीट आणि स्वतःची औषधं, दोन दिवस जास्तीची. औषधांच्या नावांची चिठ्ठी बरोबर असू द्या. बीपी, साखर, दमा असणाऱ्यांनी गोळ्या नवऱ्याच्या, बायकोच्या किंवा सुनेच्या पर्समध्ये ठेवायच्या नाहीत. आपलं औषध आपल्या खांद्याला.

पाचगणीच्या टेबललँडवर एक नियम. ढग गडगडले की फोटो बंद, पठार सोडायचं आणि थेट बसमध्ये येऊन खिडक्या लावून बसायचं. उघड्या पठारावर किंवा एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. समितीनं शिट्टी वाजवली की कुणी वाद घालू नये.

खाण्याबद्दल बोलले तर रागवाल, पण बोलते. मागच्या सहलीत प्रत्येक घरानं भडंगाचा डबा आणला होता. बसमध्ये माणसं कमी आणि भडंग जास्त! या वेळी दोन ओळींत एक डबा. आणि बॅग तीन भागांपैकी एक भाग रिकामी ठेवा. येताना जॅम, चिक्की आणि साताऱ्याचे कंदी पेढे येणारच, ते कशात घालणार?

शेवटचं. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो, तेव्हा गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन तिसरा मजला चढणारी मंडळी या सभागृहात बसली आहेत. आज त्यांच्या गुडघ्याला पट्टा आहे. लाजायचं कारण नाही, माझ्याही आहे. पण मागच्या सहलीत आपल्या बॅगा उचलल्या कुणी? कॉलेजच्या चार पोरांनी. बिचाऱ्यांनी सनसेट पॉइंट बघितलाच नाही, ती हॉटेलच्या जिन्यात होती. आपण हौसेनं भरलेलं ओझं दुसऱ्याच्या सुट्टीतून वजा होतं, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून परीक्षा सोपी ठेवली आहे. आपल्या इमारतीला लिफ्ट नाही, हा एरवी आपला तक्रारीचा विषय. या वेळी उपयोग करून घेऊ. आदल्या रात्री बॅग भरा, ती घेऊन स्वतः एकदा जिना उतरा आणि चढा. दम लागला तर बॅग उघडा, एक वस्तू काढा, पुन्हा चढा. ज्यांना डॉक्टरांनी जिना वर्ज्य केला आहे, त्यांनी बॅग हातात घेऊन घरातच दहा पावलं चालून बघावं.

शनिवारी पहाटे साडेपाचला गेटवर भेटू. मी तिथं उभी असेन. बॅगा उघडून बघणार नाही, घाबरू नका. फक्त एक प्रश्न विचारेन : "औषध कुठाय?" हात खांद्याच्या पिशवीकडे गेला की बसमध्ये चढा.