तज्ज्ञ साक्षीदार नक्की कुणाच्या बाजूने असतो?

आज मी माझ्या कामाबद्दल बोलणार आहे. मी इंजिनिअर आहे. छोटे सेन्सर आणि वैद्यकीय उपकरणं हा माझा विषय. अमेरिकेतल्या कोर्टांत मी तज्ज्ञ साक्षीदार म्हणूनही उभी राहते. हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे तुम्ही कुणाच्या बाजूने?"

पैसे एक पक्ष देतो, हे खरं. पण ते कामाच्या तासांचे असतात. जिंकलो तर इतके, हरलो तर काहीच नाही, असा सौदा साक्षीदाराला करता येत नाही. अशिलाची बाजू वकील मांडतो. मी फक्त सांगायचं की यंत्राने काय मोजलं आणि त्यावर किती भरवसा ठेवता येतो.

आता हे सोपं वाटतं ना? मग उदाहरण घरातलंच घेऊ. पल्स ऑक्सिमीटर. कोरोनाच्या काळात बोटाला लावायचा तो चिमटा घरोघरी आला. त्यामागचं तत्त्व १९७४ साली जपानचे इंजिनिअर ताकुओ आओयागी यांनी मांडलं. चिमट्यात दोन एलईडी असतात. एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटरचा. दुसरा इन्फ्रारेड, साधारण ९४० चा. समोर प्रकाश टिपणारा फोटोडायोड. ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषतं आणि इन्फ्रारेड जास्त. नाडीच्या ठोक्यागणिक धमनीतलं रक्त वाढतं, तेवढा प्रकाश बदलतो. यंत्र दोन्ही रंगांतला हा बदल मोजतं आणि त्यांचं गुणोत्तर काढतं.

खरी मेख पुढे आहे. गुणोत्तरावरून टक्केवारी थेट निघत नाही. त्यासाठी आधी प्रयोगशाळेत निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देतात, त्यांच्या धमनीतलं रक्त तपासतात आणि कुठल्या गुणोत्तराला कुठली टक्केवारी, याचं कोष्टक बनवतात. तेच यंत्रात भरलेलं असतं. म्हणजे तुमच्या बोटावर दिसलेला ९४ हा आकडा दुसऱ्या कुणाच्या तरी रक्तावरून बांधलेला अंदाज असतो.

मग ते स्वयंसेवक कुठल्या वर्णाचे होते, याला महत्त्व येतं. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतलं खरं प्रमाण ८८ च्याही खाली, असं गोऱ्या पेशंटच्या ३.६ टक्के मोजमापांत आढळलं, तर कृष्णवर्णीयांच्या ११.७ टक्के. ज्याला ऑक्सिजन लावायला हवा, त्याचाच आकडा 'ठीक आहे' म्हणत होता. अमेरिकेच्या एफडीएनेच सांगितलंय की ९० दिसत असेल तर खरा आकडा साधारण ८६ ते ९४ च्या दरम्यान धरा.

आता वकिलाचा फोन येतो: "रीडिंग ९४ होतं, पेशंट दगावला. यंत्र सदोष होतं, असं लिहून द्याल?"

मी म्हणते, आधी यंत्र कुठे आहे ते सांगा. ते कुणी उघडलं का? सॉफ्टवेअर अपडेट केलं का? तसं झालं असेल तर आतल्या नोंदी गेल्याही असतील. मग बाकीचं बघायचं. नाडीचा सिग्नल किती दमदार होता? हात गार होते का? नखांना नेलपॉलिश? रक्ताचा नमुना किती वाजता घेतला, रीडिंग किती वाजताचं, आणि दोन्हीकडची घड्याळं जुळत होती का?

एवढं झालं की मुद्दा एकावर येतो. यंत्र त्याच्या जाहीर केलेल्या अचूकतेच्या बाहेर गेलं, की अचूकतेच्या आतच राहिलं आणि माणसांनी भरवसा जास्त ठेवला? पहिलं असेल तर बोट कंपनीकडे जातं. दुसरं असेल तर सूचनापत्रकाकडे, किंवा उपचार करणाऱ्यांकडे. घरच्यांना न्याय मिळणार की नाही, मिळाला तर कुणाकडून, हे या फरकावर ठरू शकतं. म्हणून वकिलाला हवं ते वाक्य मी आधी लिहून देत नाही. काही वकील मग दुसरा साक्षीदार शोधतात. शोधू देत.

कायद्यालाही हेच हवंय. १९९३ च्या डॉबर्ट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तज्ज्ञाची पद्धत पडताळता येते का, तिच्यात चुकीचं प्रमाण किती, ही चाळणी न्यायाधीशांनी लावायची. भारतातल्या श्रोत्यांसाठी सांगते: आपल्याकडे पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ४५ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ३९ आहे. दोन्हीकडे तज्ज्ञाचं मत हे मतच, निकाल कोर्टाचा.

उलटतपासणीत एक प्रश्न हमखास येतो: "आम्ही नेमलं असतं तर तुम्ही हेच लिहिलं असतं?" अहवाल पाठवण्याआधी मी प्रत्येक वाक्याला हा प्रश्न लावते. 'हो' म्हणता आलं नाही, तर ते वाक्य काढून टाकते.

आणि उपकरणं बनवणारी तरुण मंडळी ऐकत असतील तर एवढंच: चाचणीच्या नोंदी तारीखवार ठेवा, आणि न जमलेल्या चाचण्याही लिहा. आज वैतागून लिहिलेली ओळ उद्या कुणीतरी कोर्टात मोठ्याने वाचू शकतं. त्या दिवशी तीच ओळ तुमच्या प्रामाणिकपणाची साक्ष देईल.

प्रश्न असतील तर जरूर कळवा, पुढच्या भागात घेऊ.