पहारेकऱ्याची फितुरी

परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें, तेव्हां तंबाखू गालांत धरून दिवस काढणारीं माणसें गिरणगांवांत कमी नव्हतीं आणि तोंडाचा कर्करोगहि नवा नव्हता. १९५२ सालीं तेथेंच डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखालीं कर्करोगाचें संशोधन केंद्र उभें राहिलें. पुढें याच संस्थेंत डॉ. शुभदा चिपळूणकर यांनीं एक अवघड प्रश्न हातीं घेतला : शरीराचे पहारेकरी जागे असतांना अर्बुद वाढतें तरी कसें?

हे पहारेकरी म्हणजे रक्तांतील पांढऱ्या पेशी. त्यांतील बहुतेक टी-पेशी, दुसऱ्या पेशीनें शत्रूचा तुकडा पुढें धरल्यावांचून, शत्रूस ओळखीत नाहींत. गॅमा-डेल्टा ही त्यांची अल्पसंख्य जात मात्र अशा मध्यस्थाची वाट पाहत नाहीं. शंभर टी-पेशींत ती एक ते दहाच भरते. तोंडाच्या अर्बुदावरील ‘हीट शॉक’ वर्गाचें एक प्रथिन ही जात ओळखते, हें चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९९ सालीं दाखविलें. हाडांच्या विकारांवरील कांहीं औषधें लावल्यास स्तनाच्या अर्बुदपेशींचा ती अधिक सहज नाश करिते, हेंहि पुढें त्यांच्या प्रयोगशाळेंत दिसून आलें.

तेव्हां या पेशी बाहेर वाढवून रुग्णास परत द्याव्या, म्हणजे झालें, असें कोणासहि वाटेल. परंतु २००२ सालीं खारघर येथें आलेल्या टाटा स्मारकाच्या संशोधन केंद्रांतून, ज्याच्या चिपळूणकर पुढें संचालिका झाल्या, २०१६ सालीं निराळी वार्ता आली. पित्ताशयाच्या कर्करोगांत याच जातीच्या कांहीं पेशी इंटरल्यूकिन-१७ नांवाचें द्रव्य स्रवतात आणि अर्बुदाला नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास साह्य करितात. ज्यांच्या रक्तांत अशा पेशी अधिक, ते रुग्ण कमी काळ जगले.

पहारेकरी तोच, अर्बुदाच्या सहवासांत त्याचें इमान बदललें. म्हणून पहारेकऱ्यांची संख्या वाढविण्यापूर्वीं ते कोणाची चाकरी करीत आहेत, हें पाहणें भाग आहे. हें ज्ञान रुग्णांनीं दिलेल्या रक्ताच्या नळ्यांतून आलें. त्यांतील कित्येकांना त्याचा लाभ झाला नाहीं; मागून येणाऱ्यांसाठीं मात्र त्यांनीं वाट दाखवून ठेविली.