प्रश्नचिन्हाच्या पुढे

मंडळी, दिवाळीची नोंदणी तुम्ही साइटवर करता, तेव्हा आपला सर्व्हर पुढे पैसे घेणाऱ्या सर्व्हरला ती माहिती कळवतो. पत्ता, मग प्रश्नचिन्ह, मग नाव, रक्कम; दोहोंमध्ये '&'. आता कुणी नावातच 'जोशी & कुटुंब' लिहिलं, की पलीकडे नुसते जोशी पोचतात. कुटुंब दाराबाहेर! म्हणून मजकूर हाताने जोडू नका, एन्कोड करणारं तयार फंक्शन वापरा. यूटीएफ-८ मध्ये 'आई'ची ६ बाइट, एन्कोड केल्यावर १८ चिन्हं. होऊ देत की! पलीकडे आईच उतरते. पासवर्ड मात्र पत्त्यात नकोच. एचटीटीपीएस वाटेत झाकतं खरं, पण पोचल्यावर तिथल्या लॉगमध्ये सहसा अख्खा पत्ता उघडा लिहिला जातो. तो पोस्टने, विनंतीच्या पोटात घालून पाठवा.